मोटर बदलण्यापूर्वी : पॉवर विंडोतील दोष शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची पद्धत

पॉवर विंडोचे बटण दाबले आणि काच हलली नाही, की बहुतेकांचा पहिला तर्क ‘मोटर गेली’ असा असतो. मोटर बदलली जाते, काही हजार रुपये खर्च होतात, आणि कधीकधी आठवडाभराने काच पुन्हा थांबते. बटणापासून काचेपर्यंतच्या वाटेवर सात-आठ ठिकाणे अशी आहेत की त्यांतले कोणतेही एक निकामी झाले तरी बाहेरून दिसणारे लक्षण तेच असते. नेमके कोणते ठिकाण बिघडले आहे हे ठरवायला साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि जोडणी तपासण्याचे छोटे उपकरण) आणि अर्धा-पाऊण तासाचा संयम पुरतो, आणि हे निदान गाडीच्या मालकाने स्वतः करावे असे मला मनापासून वाटते. पुढे दुरुस्ती गॅरेजमध्ये करून घ्यायची असली तरी काय बिघडले आहे हे माहीत असलेल्या माणसाला नको तो भाग विकत घ्यावा लागत नाही.

वीज कशी जाते, काच कशी हलते

बॅटरीची वीज फ्यूजमधून, आणि अनेक गाड्यांत रिलेमधूनही (विजेने चालणाऱ्या स्विचमधूनही), चालकाच्या दारावरील मुख्य स्विचकडे येते. इतर दारांचे स्विच या मुख्य स्विचशी जोडलेले असतात. साध्या रचनेत मोटरला फक्त दोन वायरी असतात. बटण दाबलेले नसताना या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला, जोडलेल्या राहतात. बटण वर ओढले की एकीला 12 व्होल्टचा सप्लाय मिळतो, खाली दाबले की दुसरीला मिळतो, आणि उरलेली वायर अर्थच राहते. म्हणजे काचेची दिशा बदलण्याचे काम स्विच करतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे अर्धे निदान तिच्यावरच उभे आहे.

मोटरच्या तोंडाशी मळसूत्री दंतचक्र असते आणि ते रेग्युलेटर फिरवते, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘काचेची मशीन’ म्हणतात. मशीन दोन प्रकारची असते. जुन्या आणि जड गाड्यांत कात्रीसारखे उघडमीट होणारे लोखंडी हात असतात. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत उभ्या पट्टीवरून सरकणारा प्लॅस्टिकचा सरक-तुकडा आणि त्याला ओढणारी बारीक पोलादी केबल असते. मळसूत्री चक्राचा एक गुण निदानाला फार उपयोगी पडतो: मोटर मशीनला फिरवू शकते, पण काच दाबून मोटर उलटी फिरत नाही. म्हणूनच बंद केलेली काच बाहेरून ढकलून खाली करता येत नाही.

दाराला हात लावण्याआधी

इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे, गाडीतला रेडिओ आणि पंखा बंद करावा, आणि बिघडलेल्या दाराला कान जवळ नेऊन बटण दाबावे. येथे जे ऐकू येते ते सर्वांत मोलाचे आहे.

मोटर फिरल्याचा स्पष्ट आवाज येत असेल आणि काच मात्र हलत नसेल, तर वीज, फ्यूज, स्विच आणि मोटर हे सर्व ठीक आहे. मशीनची केबल किंवा सरक-तुकडा बहुधा तुटलेला आहे. अशा वेळी दोन्ही तळव्यांमध्ये काच धरून वर-खाली हलवून पाहावी. निरोगी काच किंचित हलते आणि अडते. सुटलेली काच सहज वर येते आणि सोडल्यावर आपोआप खाली जाते. करकर किंवा तडतड असा आवाज येऊन काच तिरकी होत असेल तर केबलचे तंतू तुटून ती गुंडाळणाऱ्या चक्रीत गुंतू लागले आहेत असे समजावे आणि बटण पुन्हा दाबू नये, कारण काच मध्येच अडकली तर दाराच्या आतले काम अधिक कठीण होते.

केवळ ‘टक’ असा एकच आवाज येत असेल आणि त्याच क्षणी छतावरचा दिवा किंचित मंद होत असेल, तर मोटरपर्यंत वीज पोचते आहे पण तिला फिरता येत नाही. काच रबरात चिकटली असेल, मशीन अडकली असेल किंवा मोटरच आतून जाम झाली असेल. याउलट आवाजही नाही आणि दिवाही मंद होत नाही, तर वीज मोटरपर्यंत जातच नाही आणि शोध विजेच्या वाटेवर घ्यायचा आहे.

यानंतर चारही काचा सर्व बटणांवरून चालवून पाहाव्यात आणि जे दिसेल ते कागदावर लिहावे. सर्व काचा बंद असतील तर फ्यूज, रिले किंवा मुख्य स्विचचा सप्लाय अथवा अर्थ तपासायचा. मागची काच चालकाच्या बटणावरून चालते पण स्वतःच्या बटणावरून चालत नाही, असे असेल तर आधी मुख्य स्विचवरचे लॉक बटण पाहावे. मुलांनी काच खाली करू नये म्हणून ते असते, आणि गाडी धुताना किंवा पुसताना ते नकळत दाबले जाते. ते मोकळे असेल तर त्या दाराचा स्विच बिघडला आहे. दाराच्या बटणावरून चालते पण चालकाच्या बटणावरून नाही, असे असेल तर दोष मुख्य स्विचमध्ये किंवा त्याच्याकडून येणाऱ्या वायरीत असतो.

नवख्यांना सर्वांत चकवणारे लक्षण म्हणजे काच खाली जाते, पण वर येत नाही. बटण वर ओढल्यावर मोटरमधून अजिबात आवाज येत नसेल, तर दोन वायरींच्या साध्या रचनेत मोटर आणि तिच्या दोन्ही वायरी चांगल्या आहेत हे निश्चित समजावे, कारण काच खाली नेतानाही वीज त्याच दोन वायरींतून जाते, फक्त उलट दिशेने. अशा वेळी स्विचचा एक कॉन्टॅक्ट (वीज जोडणारा आतला धातूचा तुकडा) किंवा दोन स्विचमधली वायर गेलेली असते. पण वर जाताना मोटर कण्हत असेल आणि मध्येच थांबत असेल तर ती जड झालेली काच आहे, आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो.

एक खबरदारी: बटण वारंवार दाबल्यावर मोटरमधील उष्णतारक्षक वीज तोडतो. तपासता तपासता चालणारी काचही बंद पडली तर घाबरू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

फ्यूज आणि रिले

फ्यूजची पेटी बहुधा चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असते आणि दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत नकाशा दिलेला असतो. पॉवर विंडोचा फ्यूज साधारणपणे 20 ते 30 अँपिअरचा असतो. पात्याच्या फ्यूजमध्ये पिवळा 20, पारदर्शक 25 आणि हिरवा 30 अँपिअरचा असतो. फ्यूज उपटून आतली तार पाहावी. डोळ्यांवर पूर्ण विश्वास न ठेवता मल्टिमीटरवरही तपासावे, कारण पात्याच्या मुळाशी गेलेली भेग सहज दिसत नाही.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून काम चालवणे म्हणजे दाराच्या आतल्या वायरीलाच फ्यूज बनवणे आहे, आणि ती वायर कापड, फोम आणि प्लॅस्टिकच्या मधून गेलेली असते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे किंवा मोटर जाम आहे, आणि ते सापडेपर्यंत तिसरा फ्यूज लावू नये. रिले तपासण्यासाठी पेटीतील त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तात्पुरता अदलून पाहणे सर्वांत सोपे. मात्र दोन्हींवरील क्रमांक आणि पायांची मांडणी तंतोतंत सारखी असली पाहिजे.

स्विच

चालकाचा मुख्य स्विच सर्वाधिक वापरला जातो आणि पावसात काच खाली करून टोल किंवा पार्किंगचे पैसे देताना पाणीही त्याच्यावरच पडते. कोकणात आणि मुंबईत दमट, खारट हवेने तांब्याच्या कॉन्टॅक्टवर हिरवट थर चढतो. कोरड्या भागात धूळ आणि ठिणग्यांचा काळा कार्बन बसतो. स्विचची पट्टी प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने एका टोकाकडून अलगद उचलावी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने दाराच्या प्लॅस्टिकवर कायमचे ओरखडे पडतात. कपलर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, काढण्यासाठी त्याची कळ दाबून कपलरच ओढावा, वायरी ओढू नयेत.

इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा स्विचच्या फटींत मारून बटण वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. एवढ्याने अनेक स्विच पुन्हा चालू लागतात. स्विच उघडून कॉन्टॅक्ट घासण्याचा मार्गही आहे, पण आत इवल्याशा स्प्रिंगा असतात आणि त्या उडून हरवतात. म्हणून पांढऱ्या कापडावर, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढत हे काम करावे. कॉन्टॅक्ट वितळून खड्डा पडला असेल तर घासण्यात वेळ घालवू नये, नवा स्विच घ्यावा. पुढची दोन्ही दारे किंवा मागची दोन्ही दारे यांचे स्विच सारखे असतील तर ते अदलून पाहणे ही बिनखर्चाची कसोटी आहे.

बिजागरीजवळची रबरी नळी

दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये, बिजागऱ्यांच्या जवळ, सुरकुत्यांची एक रबरी नळी दिसते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार उघडताना व मिटताना दर वेळी त्याच जागी वाकतात. वर्षानुवर्षे वाकून आतले तांबे तुटते, बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. माझ्या स्वतःच्या गाडीत मागच्या डाव्या दाराची मोटर बदलून झाली होती आणि आठव्या दिवशी काच पुन्हा थांबली. शेवटी दोष सापडला तो याच नळीत, एका तपकिरी वायरीत. जुनी मोटर चांगली होती. तेव्हापासून कोणत्याही दाराच्या तक्रारीत मी ही नळी आधी पाहतो.

कसोटी सोपी आहे. एकाने बटण दाबून धरावे आणि दुसऱ्याने दार हळूहळू उघडत-मिटत नळी हाताने हलवावी. एखाद्या विशिष्ट कोनात काच धक्का घेऊन हलली तर निदान झाले. त्याच दाराचा स्पीकर किंवा सेंट्रल लॉकही अधूनमधून बंद पडत असेल तर संशय जवळजवळ पक्का होतो. दुरुस्ती करताना नुसती पीळ घालून टेप गुंडाळू नये. तेवढ्याच जाडीच्या, अनेक बारीक तंतूंच्या मऊ वायरीचा तुकडा मध्ये घालून डाग द्यावा (सोल्डर करावे) आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. सांधे शक्यतो वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्यावेत, आणि अनेक वायरी जोडायच्या असल्यास सगळे सांधे एकाच जागी आणू नयेत.

डोअर पॅड उतरवणे

येथपर्यंत दोष सापडला नसेल तर डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतल्या बाजूचे आच्छादन, उतरवावे लागते. काच शक्य असेल तर पूर्ण वर न्यावी आणि चौकटीवरून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या रुंद टेपने घट्ट बांधावी. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो, म्हणून इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि काही मिनिटे थांबावे. तो सेन्सर सुटा असताना इग्निशन चालू करू नये.

स्क्रू बहुधा तीन ठिकाणी लपलेले असतात: आतल्या हँडलच्या मागे छोट्या झाकणाखाली, हात टेकायच्या खळग्यात, आणि आरशाच्या मागच्या त्रिकोणी तुकड्याजवळ. ते सर्व निघाल्यावर पॅडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून प्लॅस्टिकच्या क्लिपा एकेक सोडवाव्यात, आणि शेवटी पॅड वर उचलून काचेच्या रबराच्या खाचेतून बाहेर घ्यावा. एखादी बाजू अजिबात सुटत नसेल तर जोर लावण्याआधी राहिलेला स्क्रू शोधावा. क्लिपा तुटतातच, पाच-दहा जास्तीच्या आधीच आणून ठेवाव्यात. पॅड मोकळा झाला तरी तो ओढून घेऊ नये, कारण मागे हँडलची केबल आणि स्विचचे कपलर जोडलेले असतात.

पॅडमागे चिकट काळ्या पट्टीने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसतो. तो चाकूने फाडण्याचा मोह टाळावा. पट्टी हळूहळू ताणत सोडवली तर तोच पडदा पुन्हा लावता येतो, आणि तो पुन्हा लावणे का आवश्यक आहे ते पुढे येईलच.

मोटरची कसोटी

बॅटरी जोडून (सेन्सर असल्यास त्याचा कपलर पुन्हा लावून) मोटरचा कपलर काढावा आणि त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावून कोणाला तरी बटण दाबायला सांगावे. वर दाबल्यावर सुमारे 12 व्होल्ट, खाली दाबल्यावर तितकेच पण उलट चिन्हाने दिसले पाहिजेत. येथे एक फसगत होते. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ वीज घेत नाही. म्हणून मीटरऐवजी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब वायरी लावून त्या पिनांवर जोडावा. तो लख्ख पेटला तर सप्लाय खरोखर सशक्त आहे. मंद पेटला तर वायर, कॉन्टॅक्ट किंवा अर्थ कमजोर आहे.

बल्ब लख्ख पेटतो आणि मोटर गप्प आहे, तर मोटरला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट देऊन पाहावेत, मध्ये 20 अँपिअरचा फ्यूज घालूनच. तरीही हलली नाही तर कपलर पुन्हा लावून, बटण दाबलेले असताना मोटरच्या धातूच्या भागावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. पावसात काच उघडी अडकली असता घरी पोचेपर्यंत ही युक्ती उपयोगी पडते, पण अशी मोटर लवकरच कायमची थांबते.

मोटरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर तिच्यातच इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. तिला बॅटरी किंवा बल्ब थेट लावू नये. अशा गाडीचे निदान स्कॅनरवर करून घ्यावे.

मशीन बदलणे

काचेचे बोल्ट दाराच्या पत्र्यातील भोकांसमोर येतील एवढ्या उंचीवर काच आणावी लागते, आणि ती उंची बहुधा अर्धी खाली असते. बोल्ट ढिले केल्यावर काच हाताने पूर्ण वर सरकवून पुन्हा टेपने बांधावी. दाराची काच कडक केलेली असते. मधोमध दाब सहन करते, पण कडेला पान्याचा एक टोला बसला तर क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, आणि हात आत असताना कोणीही बटण दाबणार नाही याची खात्री म्हणून बॅटरीची वायर पुन्हा काढून ठेवावी.

कात्रीच्या मशीनमध्ये काचेचे वजन पेलणारी मोठी गुंडाळी स्प्रिंग असते. मोटर सुटी केली की ती स्प्रिंग लोखंडी हात झटक्यात फिरवते आणि बोटे तुटण्याइतका जोर तिच्यात असतो. दोन हातांना आरपार बोल्ट घालून किंवा क्लॅम्पने जखडल्याशिवाय मोटरचा स्क्रूही ढिला करू नये. ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही त्यांनी कात्रीची मशीन जाणकाराकडूनच उघडून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगतो.

केबलच्या मशीनमध्ये फक्त सरक-तुकडा तुटला असेल तर काही गाड्यांसाठी तेवढाच सुटा मिळतो. केबलचे तंतू तुटले असतील तर मात्र पूर्ण मशीन बदलावी. गाठ मारलेली किंवा डाग दिलेली केबल चक्रीवरून नीट जात नाही. मागणी देताना पुढचे की मागचे, डावे की उजवे, आणि मोटरसह की मोटरशिवाय हे स्पष्ट सांगावे. जुनी मोटर चांगली असेल तर तीच नव्या मशीनवर बसवता येते का, हे विचारावे. नवी मशीन बसवताना सर्व बोल्ट आधी बोटांनीच फिरवावेत, काच हळूहळू पूर्ण वर न्यावी, ती रबरात सरळ बसली की मगच बोल्ट आवळावेत.

काच जड चालत असेल तर

मंद काचेचे कारण बहुतेक वेळा मोटर नसून काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचेतले चॅनल रबर असते. त्यात धूळ आणि चिखल साचतो, उन्हाने ते आकसते, आणि खाचेत बसवायचे रेन व्हायजर लावले असेल तर त्याची कड काचेला दाबते. काच खाली करून, प्लॅस्टिकच्या पट्टीला ओले कापड गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसावी, वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा द्यावा. इंजिन ऑइल, डिझेल किंवा ग्रीस रबराला लावू नये; रबर फुगते आणि तेलावर धूळ बसून खाच पूर्वीपेक्षा जड होते. ग्रीसची जागा लोखंडी पट्टी आणि मशीनचे रोलर ही आहे.

एका स्पर्शात बंद होणारी काच वर पोचता पोचता आपोआप खाली येत असेल, तर मध्ये हात वगैरे आल्यास काच उलटी नेणारी सुरक्षाव्यवस्था रबराच्या घर्षणाला अडथळा समजते आहे, किंवा बॅटरी काढल्यामुळे काचेची वरची मर्यादा विसरली आहे. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवावे, मग पूर्ण वर नेऊन पुन्हा काही सेकंद धरावे, म्हणजे ती मर्यादा पुन्हा नोंदली जाते. नेमका क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ही व्यवस्था तपासताना गुंडाळलेले वर्तमानपत्र वापरावे, हात कधीही नाही. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ती फक्त चालकाच्या काचेला असते, तेव्हा मागे बसलेल्या मुलांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये.

दार पुन्हा मिटताना

पावसाचे पाणी काचेवरून ओघळून दाराच्या आत जातेच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावे अशी दाराची रचना असते. पाणी केबिनमध्ये येऊ न देणारी वस्तू म्हणजे तो प्लॅस्टिकचा पडदा. तो न लावता पॅड बसवला तर पहिल्याच मोठ्या पावसात पॅड फुगतो आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. जुनी पट्टी कोरडी झाली असेल तर नवी ब्युटाइल पट्टी लावून पडदा कडेने दाबत बसवावा. तळाची भोके पानांनी किंवा मातीने बुजली असतील तर तारेने मोकळी करावीत.

पॅड लावण्याआधी हँडल, लॉक, स्विच आणि स्पीकर जोडून काच दोन-तीन वेळा वर-खाली करावी. पॅड बसल्यावर काच बंद करून बाहेरून बादलीभर पाणी सावकाश ओतावे. तळाच्या भोकांतून ते जमिनीवर गळू लागले आणि आतून पॅडच्या खालच्या कडेवर फिरवलेला हात कोरडा राहिला, की शेवटचे झाकण बसवून हत्यारे आवरावीत.